बिनखांबाचा जिना

१

सोमवारी सकाळी मी नवा चष्मा लावून कामावर आलो आणि जिन्याखालचा खांब दिसेना. आधी वाटलं, चष्म्याचाच दोष. काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा लावला. खांब नव्हता. चष्मा काढून पाहिलं तर सगळं घरच पुसट झालं, पण त्या पुसट घरातही खांब नव्हता.

घर दातांच्या डॉक्टरांचं. दुमजली, नवंकोरं, अजून खिडक्यांना काचा नव्हत्या. लाकूडकाम सगळं माझं, आणि त्यात जिना मी जीव ओतून बसवलेला. अकरा पायऱ्या चढायच्या, मग वळणावर एक चौकोनी टप्पा, तिथून उजवीकडे वळून आणखी सहा पायऱ्या. टप्प्याच्या दोन बाजू भिंतीत रुतलेल्या. बाहेरचा कोपरा मात्र अधांतरी. त्या कोपऱ्याखाली एक खांब, आणि वरच्या-खालच्या पायऱ्यांचा सगळा भार त्या खांबावर. लोक जिना बघतात तेव्हा कठडा बघतात, पायऱ्यांची चकाकी बघतात. खांबाकडे कोणी बघत नाही. तो नसला की मग बघतात.

खांब चांगल्या मुरलेल्या लाकडाचा होता. वरखाली चौकोनी, मधला भाग लाकूड कातणाऱ्या कातारीकडून गोल घडवून आणलेला. वर टप्प्याला चार बोल्टांनी आवळलेला. असला जड खांब कोणी खिशात घालून नेत नाही.

पण खरं नवल दुसरंच होतं. खांब गेला होता आणि जिना उभा होता. मी टप्प्यावर चढलो, पाण्याची पट्टी ठेवली. बुडबुडा बरोबर मधोमध. उडी मारून पाहावं असं मनात आलं, पण सत्तराव्या वर्षी उडी मारली तर काय आधी मोडेल ते सांगता येत नाही, म्हणून राहू दिलं.

टप्प्याखाली नेहमीप्रमाणे गोदाम झालेलं होतं. कुठल्याही नव्या घरात जिन्याखालची जागा सगळ्यांच्या मालकीची असते. फरशीची खोकी एकावर एक रचलेली, रंगाचे रिकामे डबे, नळाचे तुकडे, कोणाची तरी चप्पल.

नऊ वाजता डॉक्टर आले. या माणसाचा आवाज फार मऊ. जन्मभर घाबरलेल्या माणसांशी बोलून तसा झालेला. त्यांनी वाकून पाहिलं, जसं एखाद्याच्या तोंडात बघावं तसं, आणि विचारलं, खांब बसवला होता ना, नक्की? विचारताना नजर माझ्या चष्म्यावर होती.

मग त्यांनी जे सांगितलं ते सांगतो, कारण पुढचा सगळा दिवस त्यावरच टांगलेला होता. त्यांच्या सासूबाईंना पहिल्यापासून लोखंडी तयार जिना हवा होता. लोखंडी जिनेवाले पाच वाजता माप घ्यायला येणार होते. त्याआधी खांबाचं काय झालं हे कळलं, तर लाकडी जिना राहील. नाही कळलं, तर उद्या तो उतरवायचा.

"मिस्त्री," ते म्हणाले, "थोडंसं दुखेल."

हा माझा शेवटचा जिना होता. तसं मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. शेवटचा जिना सरपणात गेलेला कारागीर म्हणून मला घरी बसायचं नव्हतं.

आणि खांब कोणी नेला हे मला तेव्हाच ठाऊक होतं.

२

फरशीवाल्याने. दुसरं कोण?

तो आणि मी पंचवीस वर्षं घरांवर एकत्र काम केलं. तो खाली फरशी बसवणार, मी वर दारं. मग एका घरात दार लागेना. मी म्हणालो, तुझी फरशी उंच झाली. तो म्हणाला, तुझं दार लांब झालं. दार शेवटी खालून तासलं, घरमालक खूश झाला, पण आम्ही एकमेकांशी बोलायचे थांबलो. त्याला अकरा वर्षं झाली. तरी कामं एकत्रच पडत होती. मला काही सांगायचं असलं की मी भिंतीकडे तोंड करून सांगायचो आणि तो भिंतीला उत्तर द्यायचा. हल्ली तेवढंही नव्हतं. फार अडलं तर तो पेन्सिलीने जमिनीवर आकडा लिहून ठेवायचा.

शनिवारी कामाला अर्धी सुट्टी होती. मी चष्म्यासाठी सकाळपासूनच नव्हतो. दुपारनंतर साइटवर एकटा तोच थांबला होता, जिन्याजवळची फरशी पुरी करायला. रविवारी कुलूप. आता आणखी काय पुरावा पाहिजे?

एवढं ठरवून मी त्याच्याकडे निघालो, तेवढ्यात दारातून अक्का आली.

अक्का माझी थोरली बहीण. वय शहात्तर. तिने चाळीस वर्षं डोक्यावर वाळू, विटा आणि कालवलेला माल वाहिला. किती घरांचे मजले तिच्या डोक्यावरून वर गेले ते तिलाही मोजता यायचं नाही. आता गुडघ्यांमुळे जिना चढत नाही, म्हणून हल्ली जगातले सगळे जिने ती खालूनच बघते. रोज दुपारी माझा डबा आणते. त्या दिवशी लवकर आली होती, कारण मी चष्म्याची डबी घरी विसरलो होतो.

मी तिला सगळं सांगितलं आणि चोरही सांगून टाकला. तिने माझं बोलणं पुरं होऊ दिलं, म्हणजे तिला ते पटलेलं नव्हतं. मग एक रिकामा डबा पालथा घालून ती टप्प्याखाली बसली आणि मान वर करून नुसती बघत राहिली. बराच वेळ. मला वाटलं डोळा लागला.

"बोल्ट कुठायत?" ती म्हणाली.

बोल्ट खिडकीच्या कट्ट्यावर होते. रंगाच्या डब्याच्या झाकणात, चारही शेजारी शेजारी. प्रत्येकावर त्याचा वॉशर आणि नट परत फिरवून बसवलेला. वर टप्प्याच्या लाकडाला कुठे ओरखडा नाही, पान्याची एक खूणही नाही.

अक्काने एक बोल्ट बोटांत फिरवला. मला म्हणाली, चोर घाईत असतो, तो वॉशर परत चढवत नाही. हे काम करणाऱ्याला तुझ्या जिन्याची काळजी आहे, बाळ.

सत्तर वर्षांच्या माणसाला साइटवर बाळ म्हणू नये हे मी तिला पुष्कळदा सांगितलंय.

"म्हणजे चोर नाहीच?" मी विचारलं.

"आहे. पण कारागीर आहे," अक्का म्हणाली. "तो चोरापेक्षा अवघड. चोराला निदान लाज तरी असते."

३

अक्काची चौकशी करायची तऱ्हा अशी, की ती चौकशी करत नाही. तिचं म्हणणं, खांब कोणी नेला असं विचारलं तर कोणी सांगत नाही, पण तुझं काम फार सुरेख झालंय असं म्हटलं की माणूस सगळं सांगून बसतो.

पहिला नळवाला. याच्यावर संशय घ्यायला जागा होती. माझ्या खांबामुळे त्याला सांडपाण्याचा नळ सरळ नेता आला नव्हता. दोन वेढे द्यावे लागले होते आणि त्याबद्दल त्याने महिनाभर मला ऐकवलं होतं. अक्काने जाऊन त्या दोन वेढ्यांची तारीफ केली. असे वेढे मी उभ्या आयुष्यात पाहिले नाहीत म्हणाली, आणि ते खरंच होतं. नळवाला फुलला. त्याने वेढ्यांवर हात फिरवत पाव तास सांगितलं, पाणी कसं वळतं, कुठे तुंबत नाही, हा कोन कसा साधला. शेवटी त्याचा चेहरा पडला. म्हणाला, पण आता खांबच गेला, मग हे वेढे बघून लोक काय म्हणतील? मोकळ्या जागेत नळ दोनदा वळलाय, नळवाल्याला भोवळ आली होती म्हणतील. तुम्ही तो खांब शोधाच.

खांब जाण्याने सगळ्यात जास्त अब्रू त्याचीच जात होती. तो सुटला.

दुसरा रंगारी. हा उभ्या असलेल्या कुठल्याही वस्तूला रंग देतो आणि पडलेल्या कुठल्याही लाकडाची उभं राहायला पहाड बांधतो. माझी एक फूटपट्टी त्याने पांढरी केलेली आहे. अक्काने त्याच्या छताचं कौतुक केलं. तो म्हणाला, छत एवढं नीट झालं त्यात फरशीवाल्या काकांचा काही हातभार नाही. शनिवारी दुपारी घरी निघता निघता कोपऱ्यातला एक डाग राहिलेला दिसला, म्हणून उभं राहायला जिन्याखालचं एक खोकं घ्यायला गेलो, तर काका अंगावर धावून आले. बोलत नाहीत, बोलत नाहीत, आणि बोलले ते एवढ्या मोठ्यांदा. खोकं न घेताच घरी गेलो, डाग आज सकाळी शिडीच्या घोड्यावर चढून पुसला.

मी अक्काकडे पाहिलं. अक्का छताकडेच बघत होती.

तिसऱ्या सासूबाई. या घरात अजून राहत नव्हत्या, पण त्यांच्या भाड्याच्या घरात ऊन येत नाही म्हणून रोज धुणं वाळत घालायला इथे येत, आणि धुणं वाळेपर्यंत आम्हाला सूचना देत. त्यांना टप्प्याखाली शिवणाचं मशीन मांडायचं होतं. खांब त्यांच्या उजव्या कोपराला लागणार होता. हे त्यांनी खुर्चीवर बसून, हवेत मशीन चालवून, आम्हा सगळ्यांना करून दाखवलेलं होतं.

त्यांच्यासमोर अक्काची तारीफ चालली नाही. अक्का म्हणाली, बाई, तुमच्या चादरी किती शुभ्र. त्या म्हणाल्या, त्यात काय, मन लावून धुतल्या की निघतात, तुमच्या भावाने जिना तसा मन लावून केला असता तर. मग स्वतःच म्हणाल्या, खांब गेला ते बरंच झालं. खांब नाही तरी जिना उभाच आहे. म्हणजे तो लागतच नव्हता. उगाच मधे उभा केला होता, माणूस चुकून आत आला की उभा राहतो तसा.

मला राग आला आणि मी मागच्या अंगणात गेलो. तिथे त्यांची धुण्याची दोरी बांधलेली होती. एक टोक खिडकीच्या गजाला. दुसरं टोक एका ओल्या चादरीच्या आड कशाला तरी.

चादरीखालून लाकडाचं टोक दिसत होतं. चौकोनी, जाड, जमिनीत घट्ट रोवलेलं.

४

मी चादर ओढली. दोरीही आली. दोरीबरोबर सहा कपडे, दोन उशांचे अभ्रे आणि डॉक्टरांचा पांढरा कोट माझ्या डोक्यावर आला. आत अंधारात मी लाकूड चाचपलं. ती स्लॅब ओतताना टेकूला लावलेली जुनी बल्ली होती. गाठी गाठी, सिमेंटने माखलेली. माझ्या खांबाशी तिचं दूरचंही नातं नव्हतं.

कपड्यांतून बाहेर आलो तेव्हा समोर सासूबाई. पुढची काही मिनिटं मी सोडून देतो. धुणं पुन्हा धुवायला पाणी मीच ओढलं एवढं सांगतो.

अक्का या काळात काय करत होती? तर बाहेर वाळूच्या ढिगावर बसली होती. माझं डोकं पुसून मी तिथे गेलो. म्हणालो, अक्का, तीन वाजले, एवढे लोक झाले, आता त्याला विचारू या का सरळ? ती म्हणाली, बस जरा, मी त्याला बघते आहे.

फरशीवाला मागच्या खोलीत फरशी लावत होता. एक खोकं संपलं की उठायचा, दोन्ही गुडघ्यांना हात लावून कण्हायचा, आणि फाटकापर्यंत चालत जायचा. तिथे ट्रकने उतरवलेली खोकी होती. एक उचलायचा, परत यायचा. येताना जाताना जिन्याखालच्या खोक्यांजवळून जायचा. तीच फरशी, तोच रंग, चार पावलांवर. तिला हात लावत नव्हता. अक्काने मोजलं होतं, आठ खेपा.

"त्याचे गुडघे माझ्यापेक्षा खराब आहेत," अक्का म्हणाली. "मी असते तर जवळचंच खोकं घेतलं असतं."

मला वाटलं, मला चिडवायला करतोय. अकरा वर्षांत माणूस काहीही करतो.

अक्काने मूठभर वाळू उचलली आणि बोटांतून सोडली. मग विचारलं, हा ढीग कधी आला. मी म्हणालो, बुधवारी. मग कमी का झाला नाही, ती म्हणाली. मी ढिगाकडे पाहिलं. चांगला गोल, टोकदार, कोणी फावडं न लावलेला ढीग.

चाळीस वर्षं वाळू वाहिलेल्या बाईला हे विचारावंसं वाटलं. मला वाटलं नाही. मी सुतार. वाळू माझ्या डोळ्यांत गेली तरच मला दिसते.

तिने उठून डॉक्टरांना गाठलं आणि एकच गोष्ट विचारली. डॉक्टर हसून बराच वेळ काही सांगत होते, हाताने काहीतरी चोपडल्यासारखं करत. अक्का परत येऊन वाळूवर बसली. मी विचारलं तर म्हणाली, बाळ, तुझा खांब सापडला, पण सांगू की नको ते ठरवते आहे. सांगितलं तर तुझा जिना वाचेल असं काही नाही.

म्हणजे दोष माझा होता की काय?

विचारायला वेळ मिळाला नाही. पावणेपाचला लोखंडी जिनेवाले दोघं आले. लवकर आले, तेवढ्यानेच सासूबाईंच्या मनात भरले. त्यांना टप्प्याखालची जागा मोकळी हवी होती, माप घ्यायला. डॉक्टरांनी नळवाल्याला आणि रंगाऱ्याला सांगितलं, खोकी हलवा.

सासूबाई म्हणाल्या, थांबा, मी दाखवते खांब लागतो का ते. आणि त्या तरातरा अकरा पायऱ्या चढून टप्प्यावर जाऊन उभ्या राहिल्या, बरोबर बाहेरच्या कोपऱ्यात, कमरेवर हात ठेवून.

नळवाल्याने तीन रांगा झरझर काढल्या. चौथी, कोपऱ्याखालची, निघेना. खोक्यांवर एक जाड ठोकळा होता आणि ठोकळा आणि टप्पा यांच्या मधे दोन पाचरी ठोकलेल्या होत्या. त्याला वाटलं कोणीतरी खोडी केलीय. त्याने हातोडी घेतली आणि पाचरीला एक दिला.

जिना ओरडला. मी चाळीस वर्षांत लाकडाचे पुष्कळ आवाज ऐकलेत, तसा नव्हता. टप्प्याचा कोपरा केसभर खाली आला, सासूबाई तेवढ्याच खाली आल्या, आणि त्यांनी कमरेवरचे हात काढून कठडा धरला.

५

"हात लावू नका!"

फरशीवाला मागच्या खोलीतून धावत आला. त्याला धावताना मी अकरा वर्षांपूर्वीही पाहिलं नव्हतं. शेवटचे दोन हात तो गुडघ्यांवरच घसरत आला, नळवाल्याच्या हातातली हातोडी हिसकली, पाचर परत जागी लावली आणि चार मोजके ठोके दिले. टप्पा केसभर वर गेला. आवाज थांबला.

वरून सासूबाईंनी, फार बारीक आवाजात, विचारलं की काय झालं. डॉक्टर म्हणाले, आई, हलू नका. त्या म्हणाल्या, मी हलतच नाहीये.

सगळे फरशीवाल्याकडे बघत होते. तो जमिनीकडे.

"आता सांगावंच लागणार," अक्का म्हणाली आणि तिने सांगितलं. मी तिच्या शब्दांत सांगतो, फक्त मला बाळ म्हटलेलं गाळतो.

खांब काढणाऱ्याने आधी त्याच्या शेजारी खोकी रचली, ठोकळा ठेवला, पाचरी ठोकल्या, भार खोक्यांवर घेतला आणि मग बोल्ट सोडवले. ज्याला जिना पाडायचा असतो तो असं करत नाही. खोकी आधारासाठी आहेत हे ज्याला माहीत, तोच रंगाऱ्याच्या अंगावर धावेल आणि तोच जवळची खोकी सोडून फाटकापर्यंत आठ खेपा घालील. इथवर कोणालाही कळेल. नुसतं खांब नेणारा कोण, एवढंच हवं असतं तर काम दुपारी तीनलाच संपलं होतं.

पण का नेला? त्याचं उत्तर वाळूत आहे. दिवाणखाना आणि जिन्याखालची जागा, एवढी फरशी शुक्रवार-शनिवारात बसली आणि वाळूचा ढीग तसाच. म्हणजे फरशीखाली वाळू-सिमेंटचा थर नाहीच. मग फरशी कशावर बसलीय?

"गोंदावर," डॉक्टर म्हणाले. आवाज अजून मऊ झाला होता. दाताला बसवायच्या टोप्या ते गोंदानेच चिकटवतात. हल्ली फरशीलाही असा गोंद मिळतो हे त्यांनी कुठेतरी वाचलं, गोण्या आणल्या आणि शुक्रवारी सकाळी फरशीवाल्याला म्हणाले, खालचा मजला याने करा. वरचा मजला तोवर जुन्या पद्धतीने झालेला होता. मिस्त्रींना सांगून ठेवा, असंही ते म्हणाले होते. फरशीवाला हं म्हणाला होता.

आता मला कळलं.

फरशी व्हायच्या आधी जिना बसवायचा असला की सुतार खांब कच्च्या जमिनीपर्यंत लांब ठेवत नाही. पुढे फरशी येणार, तिची जाडी सोडून खांब कापतो आणि तात्पुरता खाली ठोकळे ठेवतो. फरशीवाला ठोकळे काढतो, फरशी सरकवतो, खांब तिच्यावर बसतो. आणि ही जाडी मी मोजत नाही. पंचवीस वर्षं मी याच माणसाच्या फरशीवर खांब आणि दारं बसवली. त्याचा थर आणि फरशी मिळून तीन बोटं. दोन नाही, चार नाही. ते एक दार सोडलं तर तीनच. मी तीन बोटं सोडून खांब कापला होता. त्याने गोंदावर लावली ती फरशी एक बोट भरली.

"दोन बोटं अधांतरी," अक्का म्हणाली. "खांब टप्प्याला धरून होता, टप्पा खांबाला नाही."

फरशीवाल्याने मला सांगितलं नव्हतं. कसं सांगणार? आम्ही बोलत नव्हतो.

६

डॉक्टरांनी फरशीवाल्याला विचारलं, मग ठोकळा का नाही सरकवला खाली, दोन बोटांचा? खांब का नेला?

त्याने हातातली हातोडी जमिनीवर ठेवली. बोलला तेव्हा माझ्याकडे न बघता, पण भिंतीकडेही नाही. डॉक्टरांकडे.

तो म्हणाला, अशा जिन्याखाली ठोकळा शोभला नसता. उद्या तुम्हीच वाकून बघितला असता आणि म्हणाला असता की म्हाताऱ्याला दिसत नाही, दोन बोटं चुकला. त्यात तो त्याच दिवशी चष्म्याला गेलेला. खांब शनिवारीच टेंपोने कातारीकडे दिलाय, तसाच दुसरा घडवायला, खालून जास्त लांब ठेवून. आज सकाळी मिळणार होता, सगळे यायच्या आत लावून टाकला असता. कातारी म्हणाला, संध्याकाळी.

एवढं सलग बोलून तो दमला.

लोखंडी जिनेवाल्यांनी टेप अजून गुंडाळून खिशात ठेवली नव्हती. डॉक्टर माझ्याकडे वळले. मला ठाऊक होतं, गप्प बसलो तर आजचा सगळा दोष त्याच्या माथी जाईल आणि माझा जिना कदाचित राहील. नळवाल्याने हातोडी मारली तेव्हा मालकाच्या सासूबाई वर होत्या, आणि खांब काढणारा समोर गुडघ्यांवर बसलेला होता.

"खांब मी काढला," तो म्हणाला.

"आखूड मी कापला," मी म्हणालो. "फरशी न बघता कापला. सवयीने."

डॉक्टरांनी जिन्याकडे पाहिलं, मग बाहेर त्या गोण्यांकडे. त्यांचा चेहरा असा झाला, जसा स्वतः खुर्चीत आडवं व्हायची पाळी आल्यावर होत असावा.

"आणि गोंद माझा," ते म्हणाले.

वरून सासूबाई म्हणाल्या, दोष वाटून झाले असतील तर कोणीतरी माझं बघा. अक्का त्यांना खालून म्हणाली, बाई, उतरताना हिसका बसेल, तिथेच बसा, खांब आला की उतरा. त्या बसल्या. मग थोड्या वेळाने म्हणाल्या, लोखंडी जिन्याला असा खांब असतो का? जिनेवाल्यांतला थोरला खरा माणूस निघाला. म्हणाला, टप्पा वळला की आधार लागतोच, लोखंड असो की लाकूड, आणि आमचा खांब याच्यापेक्षा जाड असतो. कोपराला लागेल? लागेल. सासूबाई विचारात पडल्या. डॉक्टर जिनेवाल्यांना दारापर्यंत पोचवून आले आणि येताना दार लावून घेतलं.

मला म्हणाले, आज खांब नीट बसला तर जिना राहील. नाही बसला तर मी त्यांना परत बोलावीन.

सहाला कातारीचा टेंपो आला. नवा खांब जुन्यासारखाच होता, मधला गोल भाग तर जास्तच सुबक. खालून चांगला चार बोटं वाढीव. आता तो बरोबर किती कापायचा, हे टप्प्याखालून फरशीपर्यंत मोजायला हवं. या मोजणीला दोन माणसं लागतात. एक टेपचं टोक वर टप्प्याच्या लाकडाला दाबून धरतो, दुसरा खाली फरशीजवळ आकडा वाचतो. यात चूक झाली तर तिसरा खांब नव्हता.

नळवाला पुढे झाला. त्याच्या हातात हातोडी बघून सासूबाई वरून नको म्हणाल्या. रंगाऱ्याचे हात ओले. अक्काने दोघांनाही बाहेर चहा करायला पाठवलं आणि स्वतःही गेली.

मी टोक वर धरलं. तो खाली गुडघ्यांवर बसला, टेप ताणली, फरशीला गाल लावून आकडा पाहिला. मग सवयीने खिशातून पेन्सिल काढली, जमिनीवर लिहायला. पण माझे दोन्ही हात वर, मान वर. मला जमीन दिसतच नव्हती. हे त्याच्या लक्षात आलं. तो थांबला.

मी टोक दाबून धरलं होतं. हात भरून आले होते.

"सत्तर इंच," तो म्हणाला. "एक सूत."

सूत म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा, आणि मला तोही नीट ऐकू आला होता.

"काय?" मी म्हणालो.

"सत्तर इंच एक सूत. बहिरा झालास का?"

"तुझं सूत की माझं?"

"सूत सगळ्यांचं सारखंच असतं, गाढवा. काप आता."

मी खांब आडवा घातला, काटकोनी गुण्याने रेघ मारली, आणि त्याने दुसरं टोक धरलं. करवत चालवताना तो दोनदा म्हणाला की रेघेच्या बाहेरून घे, आणि मी दोनदा म्हणालो की माझं मला कळतं. बाहेरूनच घेतलं. खांब उभा केला, खालून लाकडी हातोड्याने हळूहळू आत मारत नेला. सरळ यायच्या आधी तो थोडा अडला. त्याने तळवा लावून रेटला, मी वर ठोकलं, आणि खांब आत बसला. वर पाण्याची पट्टी सासूबाईंनीच धरली होती. बुडबुडा मधे आला असं त्यांनी कळवलं.

मी चारही बोल्ट आवळले. मग आम्ही दोघं खोक्यांजवळ उभे राहिलो. पाचर बघत होतो. भार खांबावर आला असेल तर ती सैल व्हायला हवी, नसेल तर नाही. त्याने दोन बोटांनी तिला हात लावला. ती नुसती निघून आली, बाटलीतून बूच यावं तशी. जिना हूं की चूं नाही. त्याने पाचर माझ्या हातात दिली. मी ती खिशात टाकली.

"आता उतरू का मी?" वरून सासूबाईंनी विचारलं.

"थांबा जरा," आम्ही दोघं एकदम म्हणालो, आणि पुन्हा एकदा खाली वाकून बघितलं.